आपोआप

‘आपोआप’ हा शब्द मला फार वर्षे आवडत आला आहे. आळशी माणसाला तो आवडावा यात नवल नाही. नळाला पाणी आपोआप येते, कपाटात धुतलेले सदरे आपोआप सापडतात. उत्तरपत्रिका तेवढ्या आपोआप तपासून होत नाहीत, एवढीच काय ती सृष्टीतली एक उणीव, असे मी धरून चाललो होतो. ही माझी श्रद्धा गेल्या जूनमध्ये ढळली. आणि ढळवली कोणी, तर आमच्या मराठी विभागातल्या संगणकाने!

हा संगणक बराच जुना आहे. त्यात आम्ही एक शब्दसंग्रह जपला आहे. सुटीत गावी जाणारे विद्यार्थी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून आणतात. शेतीचे, स्वयंपाकाचे, क्वचित भांडणातलेसुद्धा. संगणक सुरू झाला, की हा संग्रह उघडून देणारी एक ‘सर्व्हिस’ पडद्याआड आपोआप सुरू होते, असे मला सांगण्यात आले होते. आमच्या घराण्यात सर्व्हिस म्हणजे एक तारखेला पगार देणारी, एवढाच अर्थ ठाऊक! संगणकाच्या पोटातही सर्व्हिसा असतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

कॉलेज उघडले त्या पहिल्याच सोमवारी संग्रह उघडेना. समोर एम. ए.ची एक विद्यार्थिनी बसली होती. आठवड्याभरात तिला प्रबंध द्यायचा होता. तिच्या आजीने सांगितलेले शब्द त्या पेटीत होते आणि आजी मागच्या हिवाळ्यात गेली होती. “सर, माझी वही हरवली. जे आहे ते यातच आहे,” ती म्हणाली. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मला येणारा उपाय तेवढाच. तो तीनदा करून झाल्यावर मी संगणकशास्त्र विभागातल्या एका विद्यार्थ्याला बोलावणे पाठवले.

त्याने विंडोजमधली सर्व्हिसेसची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे तिची नेमणूक लिहिलेली असते. काहींपुढे ‘ऑटोमॅटिक’, म्हणजे न सांगता कामाला लागणाऱ्या. काहींपुढे ‘मॅन्युअल’, म्हणजे बोलावल्यावर येणाऱ्या. आणि काहींपुढे ‘डिसेबल्ड’, म्हणजे बोलावूनही न येणाऱ्या. आमच्या स्टाफरूमचे इतके नेमके वर्गीकरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही! आमची सर्व्हिस ऑटोमॅटिक होती, पण उठलेली नव्हती. मुलाने तिच्या नावावर जाऊन ‘स्टार्ट’ म्हटले मात्र, काही क्षणांत ती सुरू झाली. आजीचे शब्द पडद्यावर आले. ती मुलगी काही बोलली नाही. तिने भराभर उतरून घ्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच! मग मुलगा चिकाटीला पेटला. काही सर्व्हिसा दुसरीच्या आधारावर उभ्या असतात, पहिली उठली नाही तर दुसरीही उठत नाही. ते त्याने पाहिले. ज्या खात्याच्या नावाने सर्व्हिस चालते त्याचा पासवर्ड बदलला तरी ती अडते, तेही पाहिले. दोन्हीकडे सारे ठीक होते. शेवटी त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. हे संगणकाचे मस्टर. त्यात ७००९ आणि ७००० अशा दोन क्रमांकांच्या नोंदी होत्या. त्यांचा अर्थ असा, की तीस सेकंद वाट पाहिली, उत्तर आले नाही, सबब सर्व्हिस सुरू झाली नाही. संगणक सुरू होताना डझनावारी कामे एकाच वेळी त्या म्हाताऱ्या डिस्कवर तुटून पडतात. त्या गर्दीत आमची सर्व्हिस मागे राही आणि तिची गैरहजेरी लागे.

उपाय सोपा निघाला. ‘ऑटोमॅटिक’च्या जागी ‘डिलेड स्टार्ट’ निवडायचे, म्हणजे इतरांची गर्दी ओसरल्यावर सुमारे दोन मिनिटांनी ती उठते. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ही सोय लोकांच्या हाती आली.

मुलगा उठता उठता म्हणाला, “सर, पण हे जूनमधलं दुखणं नाही. मस्टरमध्ये मागे बघा. रोज सकाळी ती पडलेली आहे. आणि संग्रहाच्या रोजनिशीत बघा, रोज दहा मिनिटांनी ती चालूही झालेली आहे. म्हणजे कुणीतरी हाताने चालू करत होतं.”

सकाळी पावणेआठला विभाग उघडणारा माणूस एकच. आमचे शिपाई, मामा. एकतीस मेला ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी वीस मिनिटे बोललो होतो. ‘निष्ठा’ हा शब्द पुष्कळदा वापरला होता. पण मामा नेमके करीत काय होते, ते मला ठाऊक नव्हते.

मी फोन केला. “मामा, सकाळी तुम्ही संगणकावर काय करत होतात?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबरलेला आवाज, “काही बिघडलं का सर माझ्या हातून?”

त्या प्रश्नाने मला फार लाजल्यासारखे झाले. एका माणसाच्या कामाची मी पहिल्यांदाच चौकशी करीत होतो, आणि ती त्याला झडतीसारखी वाटली होती. काही बिघडले नाही, असे मी दोनदा सांगितल्यावर मामा मोकळे झाले. “दुरुस्तीला आलेल्या एका पोरानं दाखवलं होतं, सर. सकाळी त्याची गडबड असते. झाडून होईस्तोवर थांबायचं, मग त्या नावावर जाऊन चालू करायचं. तुम्ही यायच्या आत होऊन जायचं.”

“मला सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं, सर?”

मी व्याकरण शिकवतो. दिवा लागला, दार उघडले, चहा झाला. या वाक्यांत करणारा कुठेच दिसत नाही, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. त्या रात्री कपाटातून सदरा काढताना माझा हात जरा थबकला, इतकेच सांगतो.

प्रबंध वेळेवर झाला. ऋणनिर्देशात तिने लिहिले होते, “सरांच्या कृपेने विभागाचा शब्दसंग्रह उपलब्ध झाला.” मी लाल शाईने ‘झाला’ खोडला. वर मामांचे पूर्ण नाव घातले आणि पुढे लिहिले, “यांनी तो रोज सकाळी उघडून दिला.” ते पूर्ण नाव मला कचेरीत जाऊन विचारावे लागले.