वहिनींनी समुद्र पाहिला

आमचे थोरले बंधू अठरा वर्षांपूर्वी प्राथमिक शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले. वहिनी मात्र अजून निवृत्त झालेल्या नाहीत. पहाटे पाचला गाईची धार, मग शेण, मग चहा, मग भाकरी, दुपारी रानात एक फेरी आणि संध्याकाळी पुन्हा धार. दादांना पेन्शन मिळाली आणि वहिनींना दादा दिवसभर घरात मिळाले, एवढाच काय तो फरक. रिकामे बसवत नाही म्हणून दादा स्वयंपाकघरात मदतीला येतात. एकदा त्यांनी पाणी न घालताच डाळीचा कुकर चढवला आणि शिट्टी का होत नाही म्हणून पेपर वाचत वाट पाहत बसले. दुधावर लक्ष ठेवायला सांगावे, तर ते लक्ष ठेवतात आणि दूध त्यांच्या डोळ्यांदेखत उतू जाते.

आमचे गाव कऱ्हाड तालुक्यात. वहिनींचे माहेर पाटणच्या पुढे, कोयनाकाठी. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांचा प्रवास या दोन गावांच्या मधला. घाटापलीकडे शंभर-दीडशे किलोमीटरवर समुद्र आहे, पण तो त्यांनी पाहिलेला नव्हता. विषय निघाला की त्या म्हणत, "भाऊजी, गाय कुणाच्या गळ्यात बांधू?" यंदा ऊस वेळेवर कारखान्याला गेला, मुलगा-सून पुण्याला, आणि शेजारीच राहणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी धार काढायचे कबूल केले. मी चार दिवसांची रजा टाकली आणि पिशव्या उचलायला सोबत निघालो.

खर्चाची धास्ती वहिनींना होती. ती कंडक्टरनेच घालवली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत निम्मे तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांनाही अर्धेच लागते. आधारकार्ड तेवढे खिशात असावे. दादांची शहात्तरी उलटलेली, त्यामुळे ते फुकट, वहिनी अर्ध्यात, आणि पुरे तिकीट एकट्या माझे. "सगळ्यात लहान तूच, आणि तुलाच महाग," असे म्हणून दादा पाटणपर्यंत हसत होते.

पाटण स्टँडवर घरून फोन आला. पेंडीच्या खोलीला कुलूप आहे, चावी कुठे? वहिनींनी कनवटीला हात लावला. चावी तिथेच होती. निघताना तीन वेळा मागे वळून कुलूप ओढून पाहिले होते त्यांनी, पण चावी द्यायची राहिली. दादा चिडले. वहिनी म्हणाल्या, "चावी जवळ असली की घर जवळ असल्यागत वाटतं, त्यापायी ऱ्हायली." शेवटी शेजाऱ्यांनी चार दिवसांची पेंड उसनी दिली आणि चावी आमच्याबरोबर कोकण बघायला निघाली.

हेळवाकला कोयना वळते. महाबळेश्वराहून दक्षिणेला येणारी नदी इथे एकदम पूर्वेला तोंड फिरवते आणि कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. आम्ही कोयनानगरला उतरून लांबून धरण पाहिले. दादा मास्तर, त्यांनी उंचीचा आकडा सांगितला, १०३ मीटर. वहिनींना मात्र ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवत होती. तेव्हा त्या बारा वर्षांच्या. भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. त्यांच्या माहेरची भिंत पडली, पण भिंत पडली बाहेरच्या अंगाला, म्हणून माणसे वाचली. पुढे कितीतरी दिवस सगळे रानात खोपट घालून झोपत. "आई चूल बी रानातच मांडायची. घरात जायला पाय उचलत नव्हता," एवढेच बोलल्या आणि पदर सारखा करून एसटीत चढल्या.

कुंभार्ली घाट उतरताना मी खिडकीतून पोफळीची बाजू दाखवली. तिथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या आरपार आणून शेकडो मीटर खाली सोडतात आणि त्यावर जनित्रे फिरतात. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज करतात, मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. कृष्णा लवादाने यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. धरण १०५ टीएमसीचे. वहिनींनी हिशेब ऐकून घेतला, तेव्हा काही बोलल्या नाहीत.

चिपळूणला गाडी बदलून संध्याकाळी गुहागरला पोहोचलो. गुहागर म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही अंगांना घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की थेट पुळण. अशाच एका घरी आमची उतरण्याची सोय होती. घरच्या बाई वाढत होत्या, भात, कुळथाची पिठी, सोलकढी. वहिनी पाटावर अवघडून बसलेल्या. दोनदा उठू लागल्या, दोनदा त्यांना बसवले. जेवण होताच आपले ताट घेऊन मोरीकडे निघाल्या. त्या बाई म्हणाल्या, "ठेवा हो, मी आहे ना." दुसऱ्या कुणी आपले ताट घासायची वहिनींना सवयच नव्हती. ते ताट हातातून सोडायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहिले.

समुद्रापेक्षा आधी त्यांनी विहीर पाहिली. लाटांचा आवाज येतो इतक्या जवळ, आणि पाणी गोड. "खारं कसं नाही?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न अगदी शेतकऱ्याचा होता. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते, ते खालच्या जड खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. रहाटाने बेताने काढले तोवर साय टिकते. मोठी मोटार लावून ओढले की खालचे खारे वर येते, आणि मग वाडी सुकू लागते. वाडीतले लोक हे जाणून असतात.

मोटारीवरून आठवले. आमच्या विहिरीवर दादांनी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला आहे. त्या आठवड्यात गावाला रात्रीची थ्री-फेज होती. जेवण झाल्यावर दादांनी गुहागरच्या अंगणात खाटेवर बसून बटण दाबले, "चालू झाली बघ खोडव्यावर" असे मला सांगितले, आणि झोपले. खोडव्याचा कॉक त्यांनी निघताना बंद केला होता आणि वाटेकडच्या घासाचा उघडा ठेवला होता. पाणी रात्रभर वाटेवर गेले. सकाळी डेअरीचा टेम्पो त्यात रुतला आणि निम्म्या गावाने फोन केला. यंत्र चांगले आहे, माझा त्याला विरोध नाही. पण कॉक बघणारा माणूस रानात नसेल तर घरी बसून मोटार चालू करू नये.

त्याच फोनात दुसरी बातमी आली. गाय पान्हा चोरते आहे, सात लिटरची गाय दोन लिटरवर आली आहे. वहिनी पिशवी भरायला लागल्या. "चला माघारी. मुकं जनावर उपाशी राहील माझ्यावाचून." दादा काही बोलेनात. मी त्यांना सांगितले, गाय उपाशी नाही, बिचकलेली आहे. हात आणि वास ओळखीचा नसला की पान्हा घालणारा रस रक्तात उतरत नाही, आणि उतरला तरी पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार काढली पाहिजे. सौभाग्यवतींना फोन करून सांगितले, वहिनींची रोजची जुनी साडी दांडीवर आहे, ती नेसून बस, कास कोमट पाण्याने पूस आणि बोलत राहा. (ज्यांना गावाला जायचे असेल त्यांनी बदली माणूस आठवडाभर आधीपासून धारेला बसवावा, म्हणजे ही पाळी येत नाही.) संध्याकाळी पाच लिटरचा निरोप आला. वहिनींनी पिशवी सोडली.

मग त्या पुळणीवर आल्या. चपला काढून हातात घेतल्या. पहिली लाट पायाखालची वाळू ओढून नेऊ लागली तेव्हा त्यांनी चटकन दादांचा हात धरला. आमच्या घरात नवरा-बायकोने चारचौघांत हात धरल्याचे मी प्रथमच पाहिले. मी शिंपले वेचायला लागलो.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो. बोटीत माणसे, मोटारसायकली, गाड्या सगळे एकत्र. खाली वाशिष्ठी, उजवीकडे खाडी, डावीकडे समुद्र. वहिनी कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या.

"भाऊजी, ह्यात आमच्या कोयनेचं पाणी हाय न्हवं?"

"आहे की."

"मग रातभर थोडं पाणी वाटंवर गेलं तर गाव बोंबललं. हितं तर रोज चाललंय."

दादा म्हणाले, "अगं, त्या पाण्यावरच तर मोटार चालते." तेही खरे. वीज सगळ्या राज्याला लागते, आणि पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतला शेतकरी हे पाणी समुद्राला जाताना पाहून हळहळतो, तेही खरे. बोट पंधरा मिनिटांत पलीकडे लागली. वाद त्याहून जुना आहे.

दापोलीला १९७२ साली निघालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या रोपवाटिकेतून वहिनींनी कोकमाचे कलम घेतले. कोकमात नर-मादी झाडे वेगळी असतात. बी लावले तर फळ येईल की नाही हे कळायला वर्षे जातात, म्हणून कलमच घ्यावे. आमच्या हवेत ते कितपत येईल याची मला शंका आहे, पण न्हाणीच्या सावलीत लावा म्हटले. कलम येताना दादांच्या दोन पायांत उभे होते आणि कंडक्टरने त्याचेही तिकीट मागितले नाही.

घरी आलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती वहिनींच्या साडीत धारेला बसल्या होत्या आणि गाय निवांत रवंथ करीत होती. पुरे सात लिटर. वहिनींनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "मला इसरली की गं," म्हणाल्या, आणि चावी काढून खुंटीला अडकवली.

आता आमच्या सौभाग्यवतींनाही समुद्र पाहायचा आहे. दोघी जावा मिळून जाणार, दिवाळीनंतर. म्हणून दादा धार काढायला शिकत आहेत. साडी नेसायला ते तयार नाहीत, खांद्यावर घेतात. परवा गाईने बादली लवंडली. काल पाऊण लिटर निघाले.