चारचा आकडा खाडीत पडतो

गोराईत मुलांना पायथन शिकवताना एका धड्यापाशी मी मुद्दाम रेंगाळतो: यादीतली एक वस्तू उचलणं आणि यादीचा तुकडा कापणं. इंडेक्सिंग आणि स्लायसिंग. दोन्हीकडे चौकटी कंस तोच, आकडे तेच. त्यांचा अर्थ मात्र वेगळा.

यादी इथल्याच लोकलची घेतो. नाव 'स्थानके', पायथन ३ मध्ये देवनागरी नाव चालतं, आकडे तेवढे इंग्रजीत टाइप करायचे. बोरिवली, दहिसर, मिरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. मोजणी शून्यापासून, म्हणून स्थानके[०] म्हणजे बोरिवली आणि स्थानके[४] म्हणजे नायगाव. स्थानके[-१] म्हटलं की शेवटून पहिलं, विरार. शून्याबद्दलची कुरबुर लवकर विरते. मुलं अडतात ती स्थानके[१:४] पाशी. हाती येतात दहिसर, मिरा रोड आणि भाईंदर. "सर, नायगाव कुठे गेलं?"

कापताना आकडा स्थानकाचा नसतो, त्याच्या अलीकडच्या फटीचा असतो. चारची फट भाईंदर आणि नायगावच्या मधली, आणि तिथे खरोखरच वसईची खाडी आहे. सुरी पाण्यात पडते, कुठल्याच फलाटाला लागत नाही. स्थानके[:४] खाडीच्या अलीकडची, स्थानके[४:] पलीकडची. दोन्ही तुकडे जोडले की यादी पुन्हा अखंड. कोणी गळलं नाही, कोणी दोनदा आलं नाही. गोराईच्या मुलांना हे लगेच पटतं. त्यांच्या गावाचंही तसंच आहे: बोरिवलीकडे वसाहत, पलीकडे मूळ गाव, मधे खाडी.

एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ सालच्या एका छोट्या टिपणात हेच मांडलं होतं: सुरुवात धरावी, शेवट सोडावा, म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी हीच तुकड्याची लांबी. चारातून एक गेला, तीन स्थानकं. आणि शून्यापासून मोजलं तर शेवटचा आकडा थेट एकूण संख्येइतका येतो. पायथनचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनीही पुढे शून्याचं समर्थन करताना अशा तुकड्यांच्या नेटकेपणाचाच दाखला दिला.

फटी कळल्या की आणखी एक कोडं सुटतं. स्थानके[२०] मागितलं तर पायथन चूक दाखवतो, पण स्थानके[४:२०] मागितलं तर निमूट चार स्थानकं देतो. नसलेलं स्थानक तो देणार कुठून? कापायचं असेल तर मात्र शेवटच्या फटीवर थांबता येतं. हा समजूतदारपणा गैरसोयीचाही आहे: आकडा चुकला तरी कोणी ओरडत नाही.

खरी गंमत मराठी शब्दाशी येते. 'गोराई'ची लांबी विचारा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पायथन पाच सांगतो: ग, ओची मात्रा, र, काना, ई. त्याच्या लेखी मात्रा हा स्वतंत्र डबा आहे. म्हणून [०] वर 'गो' मिळत नाही, नुसता 'ग' मिळतो. 'गो' हवा तर [:२]. स्थानकांची यादी [::-१] ने उलटवली तर परतीची गाडी तयार होते. 'गोराई' उलटवली तर मात्रा ग सोडून र ला चिकटते, काना ई च्या मागे लोंबकळतो आणि शेवटी 'रोग' उरतो. वर्गात हशा पिकतो, आणि तो मला हवाच असतो. यंत्राच्या फटी आपल्या अक्षरांच्या फटींशी जुळतीलच असं नाही, हे त्या हशात कायमचं लक्षात राहतं. दिसतं तसं अक्षर तोडायला वेगळी साधनं वापरावी लागतात.

मग मी विचारतो: नावाचं आद्याक्षर छापायचं आहे, कंसात काय लिहाल? 'शून्य' हे उत्तर 'रमेश'ला पुरतं, 'गौरी'ला पुरत नाही. उत्तर द्यायच्या आधी मुलांनी फटी मोजायला घेतल्या, की पुढच्या धड्याला हरकत नाही.