ऑलिम्पियाच्या वाटेवरचे सोळा चौथरे

ऑलिम्पिक आलं की आपण टीव्हीसमोर ठाण मांडून बसतो. त्या खेळांचं मूळ गाव बघायचं का? मग चला ग्रीसला! अथेन्सहून पश्चिमेकडे मोटारीनं तीनशेएक किलोमीटर गेलं की ऑलिम्पिया लागतं. एका अंगाला क्रोनोसची टेकडी, जवळून वाहणाऱ्या दोन नद्या आणि मधे देवळांचे पडके खांब. जुन्या नोंदींप्रमाणे इथल्या शर्यती सुरू झाल्या इ. स. पूर्व ७७६ मध्ये. पहिला विजेता कोरोइबोस. पेशानं आचारी होता बरं का!

पुढं नद्यांच्या पुरांनी सगळं गाळाखाली गडप केलं. १८७५ पासून जर्मन संशोधकांनी इथं पद्धतशीर खोदकाम केलं, म्हणून आज आपल्याला हे दिसतं.

आता मैदानाकडे निघू. पण जरा थांबा. वाटेत डाव्या हाताला, टेकडीच्या पायथ्याशी, दगडी चौथऱ्यांची रांग दिसते ना? सोळा आहेत. त्यांवर एके काळी झ्यूस देवाचे काशाचे पुतळे होते. त्यांना म्हणत 'झानेस', म्हणजे तिथल्या बोलीत झ्यूसचं अनेकवचन. तुम्हांला वाटेल, कुणा भक्तानं बसवले असतील. छे! हे पुतळे उभे राहिले लबाड खेळाडूंच्या दंडाच्या पैशांतून.

इ. स. पूर्व ३८८ मध्ये युपोलोस नावाच्या मुष्टियोद्ध्यानं तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. बिंग फुटलं. देणाऱ्यालाही दंड, घेणाऱ्यांनाही दंड! त्या रकमेतून पहिले सहा पुतळे झाले. पैशांनी नव्हे, पायांच्या वेगानं आणि अंगच्या बळानं जिंकावं, अशा अर्थाचा मजकूर त्यांतल्या एकावर कोरला होता. मैदानात शिरणारा प्रत्येक खेळाडू या रांगेसमोरून जाई. जागा कशी हेरून निवडली आहे, बघा!

आणि आईबाबांनो, तुम्हीही ऐका. स्पर्धेआधी खेळाडूंबरोबर त्यांचे वडील, भाऊ आणि शिक्षकसुद्धा झ्यूसपुढं शपथ घेत, की आम्ही लबाडी करणार नाही. तरी इ. स. पूर्व १२ मध्ये एका बापानं, आपल्या मुलानं कुस्ती जिंकावी म्हणून, समोरच्या मुलाच्या बापाला पैसे चारले. पंचांनी दंड कुणाला केला? मुलांना नाही, दोघांच्या बापांना! मला तर हा निवाडा फार आवडतो.

या दगडी कमानीखालून आत या. हेच ते मैदान. गोल नाही, सरळसोट लांब पट्टा, सुमारे १९२ मीटरचा. या अंतराला ग्रीक लोक 'स्टेडियन' म्हणत, त्यावरूनच आपला 'स्टेडियम' शब्द आला. धावपटू जिथं पायांची बोटं रोवत ती खाचा पाडलेली दगडी रेघ अजून तिथं आहे. घाई करून आधीच पळालात तर पाठीवर फटके! प्रेक्षक सुमारे चाळीस हजार, पण बसायला मातीचा उतार. दगडी आसनं फक्त पंचांना. एवढ्या खटाटोपाचं बक्षीस काय, तर रानऑलिव्हच्या फांदीचा मुकुट.

२००४ साली अथेन्सला ऑलिम्पिक भरलं तेव्हा गोळाफेक मुद्दाम या जुन्या मैदानात ठेवली होती. तारीख १८ ऑगस्ट. प्राचीन ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना उतरायची बंदी होती, त्या दिवशी मात्र त्याही खेळल्या. पण झालं काय? महिलांत पहिली आलेली रशियाची इरिना कोर्झानेंको उत्तेजक औषध घेतल्याचं काही दिवसांतच उघड झालं, पदक गेलं. पुरुषांत युक्रेनचा युरी बिलोनोग आणि अमेरिकेचा ॲडम नेल्सन, दोघांचीही सर्वोत्तम फेक २१.१६ मीटर! दुसऱ्या क्रमांकाची फेक सरस म्हणून बिलोनोगला सुवर्णपदक मिळालं. त्याचा जपून ठेवलेला नमुना पुढं पुन्हा तपासला आणि २०१२ मध्ये तेही पदक काढून घेतलं.

सुवर्णपदक नेल्सनच्या हाती पडलं २०१३ मध्ये, नऊ वर्षांनी. कुठं माहीत आहे? अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत.