भरलेली ओटी

रिकामी जागा पाहिली की माणसाला हायसे वाटते आणि भरलेली पाहिली की धास्ती वाटते. संगणकाच्या बाबतीत मात्र ही सवय फसवी ठरते.

आमच्या महाविद्यालयातील जुने संगणक लिनक्सवर चालतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या ओव्या आम्ही त्यांवरच उतरवून ठेवतो. यंदा दुरुस्तीला आलेल्या एका गृहस्थांनी ‘फ्री’ ही आज्ञा देऊन पडद्यावरचा आकडा दाखवला. एकूण मेमरी ३८०० मेगाबाइट, मोकळी अवघी १५०! “यंत्रे भरली, आता नवी घ्या,” असा निर्वाळा देऊन ते निघून गेले. नव्या यंत्रांना पैसा कुठला? म्हणजे ओव्यांचे काम बंदच पडायचे.

पण त्याच ओळीत आणखी आकडे होते. चालू कामांनी घेतलेली मेमरी ९००, ‘बफ/कॅश’ २७५० आणि शेवटी ‘अव्हेलेबल’ २६००. यातले मर्म कळायला मला माझ्या मामांची ओटी उपयोगी पडली.

मुरबाड तालुक्यातल्या त्या घरी ओटीवर भाताच्या गोण्या, सुपे, इरली असे हाताशी लागणारे सारे पडलेले असते. कोठीच्या खोलीत वारंवार कोण जाणार? पण पाहुणे आले, की घटकाभरात ओटी मोकळी होते. त्या ओटीला कोणी ‘जागा नाही’ म्हणत नाही.

लिनक्सही तेच करते. हार्ड डिस्क म्हणजे कोठी. तिथून काही शोधून आणायला काही मिलिसेकंद लागतात. मेमरीतून तेच सेकंदाच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी वेळात मिळते. म्हणून एकदा वाचलेली फाइल रिकाम्या मेमरीत ठेवून दिली जाते. तिलाच कॅश म्हणतात. नव्या कामाला जागा लागली, की ती प्रत टाकून दिली जाते. मूळ फाइल डिस्कवर असतेच. कॅश मुद्दाम रिकामी करणाऱ्याच्या पदरी मात्र पुन्हा कोठीपर्यंतच्या खेपा येतात.

एक सावधगिरी हवी. नव्याने लिहिलेला मजकूर काही सेकंद मेमरीतच असतो, डिस्कवर नंतर उतरतो. पेन ड्राइव्ह घाईने उपटली तर ओवी अर्धीच राहते. ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी, ती पुरी होऊ द्यावी, मगच ती काढावी. मेमरीची खरी टंचाई ओळखायची असेल, तर ‘अव्हेलेबल’ शून्याकडे झुकतो का आणि मेमरीतला मजकूर सारखा डिस्कवरच्या ‘स्वॅप’मध्ये हलवावा लागतो का, ते पाहावे.

आमच्या यंत्रांत तसे काहीच नव्हते. ओव्या चालू आहेत.

आपल्या तालुक्यात मात्र नेमके उलटे चित्र दिसते. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूरची. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. धरणे भरली की वर्तमानपत्रांत टक्केवारी छापून येते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. साठा किती, हा एक प्रश्न. मागणाऱ्याला त्यातले किती मिळेल, हा दुसरा. लिनक्सच्या कर्त्यांनी २०१४ मध्ये या दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळा आकडा दिला. पाड्याच्या वाट्याचा आकडा धरणाच्या टक्केवारीत दिसत नाही.