केडगावचा नेम

वाचकहो, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की लोणी, उरळी, यवत अशी स्टेशने एकामागून एक मागे पडतात. खुटबाव गेले की पुढचे स्टेशन केडगाव. मोटारीने यायचे असेल तर पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला उतरावे आणि तेथून केडगावची वाट धरावी. अहिल्यानगर शहराला लागूनही एक केडगाव आहे, ते हे नव्हे. हे दौंड तालुक्यातले. या मुलखात ऊस भरपूर. हंगामात गुऱ्हाळे पेटली की काहिलीतल्या रसाचा वास रस्त्यापर्यंत येतो. नारायण महाराजांच्या बेटामुळे दत्तभक्तांनाही हे गाव ठाऊक आहे.

आज मात्र आपल्याला जायचे आहे ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. आत जाण्याआधी एक सांगून ठेवतो. हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, राहते घर आहे. निराधार बाया व मुले आजही येथे राहतात. म्हणून फाटकावर विचारून, परवानगी घेऊनच आत जावे आणि पाहुण्यासारखे वागावे.

येथे पाहायचे काय? मोठे प्रार्थनामंदिर आहे, जुनी झाडे आहेत, रमाबाईंची समाधी आहे. पण खरी पाहण्याची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे या जागेचा नेम. आपण पाडव्याला काहीतरी ठरवतो आणि आखाजीपर्यंत ते विसरूनही जातो. ठरवणे सोपे, रोज करणे अवघड. ते अवघड काम येथे कसे साधले, हे समजून घेतले तर फेरी वाया जाणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, आणि लोकांचा विरोध पत्करून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलेले. वडील थकले तेव्हा आईने मुलीला शिकवायला घेतले. घर कसले, तीर्थयात्रेतले मुक्काम! दिवसभर कामाची घाई. म्हणून आई पहाट व्हायच्या आधी लेकीला लाडीगोडीने उठवी आणि पाठ घेई. असे करत करत पोरीला हजारो श्लोक मुखोद्गत झाले. तेव्हा ध्यानात ठेवा, पहाटेची शिस्त रमाबाईंना मिळाली ती आईकडून, एका श्रद्धाळू हिंदू घरात. पुढे दुष्काळाने आईवडील नेले. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच पती गेला. पदरात लहानगी मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मग श्रद्धेने त्यांना नवे काय दिले? शिस्त त्यांच्याकडे होतीच. पण आपल्या पुण्याईने देवाला जिंकायचे आहे, हे ओझे उतरले. ख्रिस्ती शिकवण अशी की देवाची कृपा आधी असते आणि माणसाची चाल मागून येते. ज्याला क्षमा मिळाली तो कृतज्ञतेने नेम धरतो. यातली मेख शेतकऱ्याला लगेच कळेल. भीतीने केलेले काम धनी पाठमोरा झाला की थांबते. कृतज्ञतेने केलेले काम कोणी पाहत नसतानाही चालते. आणि एखादा दिवस चुकला तरी सगळे बुडाले असे होत नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा उभे राहता येते.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. तेथे मुली धर्मांतराकडे वळतात म्हणून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. त्यानंतर केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस बायामुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसे ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या माळावर बिऱ्हाड मांडले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर येथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे काय, याचा अंदाज लग्नाची पंगत उठवलेल्या घरालाच येईल. आणि ती पंगत रोजची! धान्य दळायचे, पाणी ओढायचे, आजाऱ्यांना सांभाळायचे. त्यातही आलेल्या कित्येक जणी उपासमारीने खंगलेल्या. पुढ्यातले अन्न उद्याही मिळेल यावर त्यांचा विश्वास कसा बसावा? अशा माणसाला शिस्तीवर व्याख्यान देऊन काय होणार? त्याला आधी वेळेवर भाकर मिळाली पाहिजे. ती आज मिळाली, उद्या मिळाली, महिनाभर मिळाली, की मग त्याच्या मनात घडी बसते. मुक्तीत विहिरी खोदल्या, शेती केली, गाईगुरे पाळली, माग चालवले, शिवण शिकवले, छापखाना घातला. प्रार्थना, शाळा आणि हाताचे काम या तिन्हींना दिवसात जागा होती. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली.

१९०५ साली येथे एक मोठी घटना घडली. वर्षारंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मंडळ सुरू केले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. मग भक्तीची अशी लाट आली की तिची बातमी परदेशांपर्यंत गेली. लिहिणारे त्या लाटेबद्दलच फार लिहितात. परंतु वाचकहो, लाट येण्याआधीचे पाच-सहा महिने पाहा. तेव्हा कोणी पाहायला आले नव्हते. बाया रोज जमत होत्या, एवढेच. पहिला पाऊस सगळ्यांना दिसतो, उन्हाळ्यात केलेली नांगरट कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि लाट ओसरल्यावर काय? याचे उत्तर रमाबाईंच्या टेबलावर होते. बायबलचे मराठी भाषांतर त्या काळी उपलब्ध होते, पण शाळा न पाहिलेल्या बाईला कळेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. कानांनी नीट ऐकू येत नसे. भोवती एवढा पसारा. तरी पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालू राहिले.

जरा हिशेब करू. बायबलात एकतीस हजारांवर वचने आहेत. पंधरा वर्षांचे दिवस होतात सुमारे साडेपाच हजार. म्हणजे दिवसाला पाच-सहा वचने. ऐकायला किती थोडे! पण एकही दिवस न सोडता पंधरा वर्षे? तेथेच आपली दमछाक होते. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. आईने काम खाली ठेवले नाही. भाषांतर हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून तो सारा ग्रंथ छापून निघाला, आणि त्या कामाला हात होते येथल्याच बायांचे.

त्या ग्रंथात पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी खडकाळ जागी पडते. ते सर्वांआधी उगवते, पण खाली माती नाही, मूळ धरत नाही, ऊन लागताच करपते. ख्रिस्ताने हे सांगितले ते शेतकऱ्यांपुढेच. उत्साहाचेही तसेच असते. उगवण झाली म्हणजे पीक हाती आले असे नाही. त्याच ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत माणूस देवाजवळ आजच्यापुरती भाकर मागतो, वर्षाची कणगी मागत नाही. जन्मभराचा नेम एकदम पेलवत नाही, आजच्यापुरता पेलवतो. आणि सात दिवसांत एक दिवस विसाव्याचा. मोशेच्या नियमात तर त्या दिवशी बैलालाही विसावा सांगितला आहे. जुंपलेला बैल सोडायचाच नाही, याला शिस्त म्हणत नाहीत.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर हे तुमच्या घरचेच आहे. पहाटेची प्रार्थना, थोडे वाचन आणि रविवारची उपासना एवढे धरले तरी पुरे. तुमच्या घरी काकडा असेल, हरिपाठ असेल, नमाज असेल, तरी येथून न्यायला बरेच काही आहे. वेळ ठरलेली असावी. माप लहान असावे, आजारपणातही निभेल इतके. सोबतीला कोणी असावे; सत्तर जणी एकत्र होत्या म्हणून साडेपाचशे झाल्या. आणि खंड पडला तर स्वतःला शिव्या देत बसू नये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसावे. चूल, धार, पाणी हे तर आपल्या घरातल्या बाया जन्मभर न चुकता करत आल्या आहेत. नेम म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावे.

१९८९ साली टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. गौरव झाला, चांगले झाले. पण केडगावला जाल तेव्हा समाधीपाशी थोडे थांबा आणि त्या पाच-सहा वचनांचा विचार करा. घाई करू नका. दौंडहून पुण्याकडे परतणारी गाडी संध्याकाळीही मिळते.