पेल्यांच्या किणकिणाटात

गाणे ऐकावे ते बैठकीत, अशी आमची समजूत होती. पांढरीशुभ्र गादी, तक्क्याला रेललेले चार जाणते, तंबोऱ्यांची जोडी आणि मध्यंतरात चहा. याखेरीज अन्यत्र स्वर लागतो असे कोणी शपथेवर सांगितले असते तरी आम्हांस पटले नसते. म्हणून "बाबा, गुरुवारी ज्युबिली हिल्सच्या एका पबमध्ये मी गाणार आहे, तुम्ही या," असे कन्या म्हणाली तेव्हा आमच्या कपाळाला आठ्याच पडल्या. या प्रकाराला ओपन माइक म्हणतात. ज्याला गावेसे वाटेल त्याने नाव नोंदवावे, पाळी आली की उठावे, दोन गाणी म्हणावी आणि खाली बसावे. बिदागी नाही, मानपान नाही. श्रोत्यांचे लक्ष मिळेलच असाही भरवसा नाही.

आम्ही विद्यानगरचे. आमच्या शेजारीच अंबरपेठ, आणि तेथे पंडित मोतीरामांची समाधी. 1934 साली, निजामाच्या दरबारी गायक म्हणून ज्या दिवशी त्यांची नेमणूक व्हायची त्याच दिवशी ते वारले, असे सांगतात. चिरंजीव जसराज तेव्हा अवघे चार वर्षांचे. पाहुण्यांना ही हकीकत ऐकवताना आमची छाती उगीचच फुगते. जणू त्या घराण्याशी आमचे काही नाते आहे!

तर त्या गुरुवारी आर. टी. सी. क्रॉस रोडला मेट्रोत बसलो, परेड ग्राउंडला गाडी बदलली आणि पबमध्ये दाखल झालो. आत मिणमिणता उजेड, उंच खुर्च्या. बसल्यावर पाय अधांतरी लोंबतात. लिंबू-सोडा मागवला. एका तरुणाने गिटारीवर इंग्रजी गाणे म्हटले, दुसऱ्याने तेलुगू. तिसरा एका लाकडी खोक्यावर बसून तेच बडवीत होता; त्या वाद्यास काहोन म्हणतात. एका मुलीला शब्द आठवेनात, तिने खुशाल खिशातला फोन काढून पाहिले. कोणी हसले नाही.

आमचे गोमंतकीय वाचक मात्र आमच्या या नवलाईला हसत असतील. हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवी तेव्हा समोरची मंडळी जेवत आणि नाचतच असत. 'अलबेला'च्या (1951) संगीतात सी. रामचंद्रांना त्याच माणसाची साथ लाभली. काट्याचमच्यांच्या आवाजाने त्याच्या वाद्याला गंज चढला नव्हता.

कन्येची पाळी आली. गाणे तिचे स्वतःचे, मराठी. चालीला यमनाचा वास. दुसऱ्या कडव्यात तिने पंचम लावला आणि नेमके त्याच क्षणी गल्ल्यामागे बर्फ चुरण्याचे यंत्र घरघरू लागले. आम्ही मेज घट्ट धरले. ती थांबली, हसली, यंत्र निमण्याची वाट पाहिली आणि तोच पंचम पुन्हा लावला, पहिल्याहून निवांत. शेजारच्या टोळक्यातील एका पोराने ओठांवर बोट ठेवून सोबत्यांना गप्प केले. त्याला मराठी येत नसावे.

आम्ही सोड्याच्या पेल्याकडे पाहत राहिलो. तिच्या बारावीच्या वर्षी तंबोऱ्याला खोळ घालून तो माळ्यावर चढवणारे आम्हीच. "वर्षभराचाच प्रश्न आहे," असे म्हणालो होतो. मग अभियांत्रिकी आली, नोकरी आली. तंबोरा काही उतरला नाही. अकरा वर्षांत तिचे गाणे आम्ही ऐकले नव्हते. ती गात होती हेही ठाऊक नव्हते.

जसराजांची आणखी एक आठवण आम्ही पाहुण्यांना रंगवून सांगतो. याच शहरात शाळेच्या वाटेवर एका लहानशा हॉटेलात बेगम अख्तरांची गझल तबकडीवर वाजे. ती ऐकत ते तेथेच बसून राहत आणि शाळा बुडे. हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्या हॉटेलात आमचे पोर बसलेले असते तर? कान धरून वर्गात नेऊन बसवले असते. इतक्या वर्षांत हा विचार आम्हांस एकदाही शिवला नव्हता.

परतताना उशीर झाला म्हणून टॅक्सी केली. नारायणगुडा मागे पडेपर्यंत कोणी बोलले नाही. गाणे कसे झाले हे तिने विचारले नाही, आणि आम्हांस सांगता आले नाही.

"बाबा, तंबोरा आहे का हो अजून?"

"आहे," आम्ही म्हणालो. "तारा गंजल्या असतील. रविवारी काढू खाली."

"शिडी मी धरीन," ती म्हणाली. "तुम्ही चढू नका."