लोणारचें आटलेलें पाणी

सन 2020 च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें हिरवें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, हें वाचकांस स्मरत असेलच. पुराणकथेप्रमाणें त्या स्थळीं विष्णूनें लवणासुराचा वध केला. ‘त्याचेंच रक्त वर आलें,’ असें आमच्या आळींतील वृद्ध अण्णा म्हणाले. आम्ही हंसलों. ‘अण्णा, एरव्हींचा हिरवा रंग शेवाळाचा, तसा हाहि शेवाळाचाच!’ असा निर्णय देऊन आम्ही मोकळे झालों. जन्मभर शिक्षकी केलेल्यास निर्णय देण्यास विलंब लागत नाहीं.

पुढें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें पाणी तपासलें. रंग शेवाळाचा नसून लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. ते तळाशीं बसतांच पाणी नितळ झालें. आमचें अनुमान म्हणजे शुद्ध हेत्वाभास ठरला! अण्णा निदान श्रद्धेनें बोलले होते. आम्हांस तीहि सबब नव्हती. पाण्याची वाफ होते, मीठ मागें राहतें, हें आम्हीच वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों होतों.

लोणारच्या विवरांत झरे व पाऊस यांचें पाणी येतें. बाहेर जाण्यास वाट नाहीं. जातें तें वाफ होऊन, आणि क्षार तेथेंच राहतो. तो आपल्या पापडखाराच्याच कुळांतला. पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. त्या उन्हाळ्यांत पातळी उतरली, तोच क्षार थोडक्या पाण्यांत एकवटला, आणि इतर जीवांस असह्य होणारी ती खारट स्थिति लवणप्रियांस मानवली.

ही घट तळच्या गाळांतहि उतरते. पाणी फार आटलें कीं सोडियम व कॅल्शियम यांच्या संयोगानें गेलुसाइट नांवाचे स्फटिक बनून गाळांत बसतात. शास्त्रज्ञांनीं सरोवराच्या तळांतून सुमारें 10 मीटर लांबीचा गाळ काढला, तेव्हां हे स्फटिक ठराविक थरांतच आढळले. त्यांवरून दोन दीर्घ अवर्षणकाल ओळखतां आले: एक सुमारें 4600 ते 3900 वर्षांपूर्वींचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वींचा. ज्या दुष्काळांची बखर कोणीं लिहिली नाहीं, त्यांची नोंद चिखलानें ठेवली.

हें सर्व वाचून आम्ही अण्णांकडे गेलों व आपली चूक कबूल केली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, ‘म्हणजे मास्तर, लवण होतेंच कीं!’

आम्हीं मान डोलावली.